लूजमधला जास्तीचा ओ

(नागपुरात धरमपेठेतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मागच्या मे महिन्यात आमच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भल्या सकाळी एक सूचना आली. इमारतीतली सगळी घरं मराठी नाहीतर हिंदी बोलणारी, तरी सूचना इंग्रजीत. 'नो वॉटर टुडे इव्हिनिंग टँकर विल कम.' मध्ये ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. आता सांगा, पाणी कधी नाही? 'टुडे'पाशी थांबलात तर आज दिवसभर नळ नाही आणि संध्याकाळी टँकर येणार. 'इव्हिनिंग'पाशी थांबलात तर फक्त संध्याकाळचं पाणी नाही, टँकर येईल तेव्हा येईल. गच्चीवरच्या टाकीत थोडं पाणी होतं. काही घरांनी ते भरून घेतलं, बाकीचे निश्चिंत राहिले. दुपारी दोन वाजता, नागपूरच्या त्या उन्हात, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रिकामी कळशी घेऊन जिना उतरताना मला दिसल्या. सेक्रेटरींना म्हटलं, तर ते म्हणाले, "मॅडम, समजून घ्यायचं असतं ना."

या 'समजून घ्यायचं'वरच मला आज बोलायचं आहे.

तेहतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. इंग्रजी कच्चं असणाऱ्याचा मला कधीच राग आला नाही. आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं, ते 2000 साली पहिलीत आलं. पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या माणसाला कुणी हसलं, तर मी आजही भांडते. आपला नागपूरचा मुलगा 'आर यू अंडरस्टँडिंग' म्हणतो, कारण घरी तो 'कळून राहिलं का' ऐकत मोठा झालेला असतो. 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' हे त्याच्या कानात बसलेलं आहे, ते इंग्रजीत उतरणारच. ती त्याच्या आईच्या भाषेची खूण आहे. सांगितलं की तो सुधारतो.

स्पेलिंगचंही तसंच. इंग्रजी स्पेलिंग मुळात अवघड आहे आणि त्याला कारण आहे. 1476 साली कॅक्स्टननं इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. पुढच्या दोनेकशे वर्षांत छापलेलं रूप हळूहळू पक्कं होत गेलं आणि त्याच काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर मात्र बदलत होते. उच्चार पुढे गेले, अक्षरं मागे राहिली. 'नाइट'मधला, म्हणजे सरदार या अर्थाच्या शब्दातला 'के' एके काळी लोक खरोखर उच्चारत. 'डेट'मधला, म्हणजे कर्जातला 'बी' तर कधीच उच्चारला गेला नाही. लॅटिन शब्दाशी नातं दिसावं म्हणून विद्वानांनी तो मध्ये घातला. आपल्या कामठीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये इंग्रजांनी ठेवलेला 'पी' रेल्वेच्या पाटीवर अजून उभा आहे, तो तरी कोण उच्चारतं?

त्यातून आपण देवनागरीवाले. कानाला ऐकू येतं ते लिहायची आपली सवय. मराठी माणूस सैल स्क्रूलाही 'लूज' म्हणतो आणि गमावण्यालाही 'लूज'च म्हणतो. मग एका हुशार मुलीनं शिष्यवृत्तीच्या अर्जात 'मला ही संधी गमवायची नाही' हे लिहिताना एक ओ जास्तीचा घातला आणि 'मला ही संधी सैल करायची नाही' असं झालं, तर चूक का झाली ते मला कळतं. मला दुःख पुढचं आहे. अर्ज पाठवण्याआधी तिनं तो परत वाचलाच नव्हता. "फोननं लाल रेघ दाखवली नाही, मॅडम." फोन कसा दाखवणार? दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत. 'फॉर्म'च्या जागी 'फ्रॉम' पडला, तरी बरेचदा तो गप्पच बसतो. तिला काय म्हणायचं आहे, ते फक्त तिला ठाऊक होतं.

आता माझ्या वडिलांचं सांगते. नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात बाबा कंपोझिटर, म्हणजे छपाईसाठी अक्षरं जुळवणारे, होते. शिक्षण मराठी चौथी. इंग्रजी अक्षरं ओळखायचे, भाषा अजिबात येत नव्हती. तरी व्हिजिटिंग कार्डं, प्रश्नपत्रिका, इंग्रजी लग्नपत्रिका, सगळं त्यांच्या हातचं. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजव्या हातानं केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, शिशाचा एकेक अक्षराचा खिळा उचलायचा आणि लावायचा. ओळ उलटी दिसते, त्यांना ती सरळ वाचता यायची. सुटीत मी त्यांच्याकडे जायची. ओल्या शाईचं प्रूफ त्यांच्यापुढे आणि गिऱ्हाइकाचा हस्तलिखित कागद माझ्या हातात. "वाच बेटा." मी एकेक अक्षर सुटं करून वाचायची. डी, ई, ए, आर, जागा, कॅपिटल एस, आय, आर, कॉमा. त्यांचं बोट प्रूफवरून सरकायचं. कॉमा म्हणायला विसरले, की बोट थांबायचं.

एकदा कागदावर 'रिसीव्ह'मध्ये आय आधी आणि ई नंतर होता. बाबांना त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. पण आपण हा शब्द पूर्वी वेगळा लावला होता, एवढं त्यांच्या बोटांना आठवत होतं. त्यांनी काम थांबवलं, जुन्या कार्डांच्या गठ्ठ्यातून नमुना शोधला आणि सायकलवर टांग मारून इतवारीत गिऱ्हाइकाकडे विचारायला गेले. मी म्हटलं, "एवढं काय, बाबा? समजेल लोकांना." ते म्हणाले, "तो पैसे देऊन राहिला छापायचे."

म्हणून इंग्रजी येत नाही हे कारण मला कुणी सांगू नये. आज पदवी घेतलेली, दिवसभर इंग्रजीत ईमेल करणारी माणसं स्वतःचं चार ओळींचं लिखाण दुसऱ्यांदा वाचत नाहीत. त्यांचं अर्धं मिनिट वाचतं आणि ते अर्धं मिनिट आमच्या बावीस घरांना प्रत्येकी द्यावं लागतं. आजींना तर तीन मजले उतरावे लागतात.

हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकारानं 2001 साली ॲपॉस्ट्रॉफीच्या, म्हणजे इंग्रजी शब्दात वर लटकणाऱ्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाच्या, रक्षणासाठी एक संस्था काढली. 2019 साली, वयाच्या 96व्या वर्षी, त्यांनी ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. अज्ञान आणि आळस जिंकले, असं ते म्हणाले. ते वाचून त्या दिवशी मला घास गेला नव्हता.

विरामचिन्हं म्हणजे मास्तरांचे चोचले, असं काहींना वाटतं. (आपल्या मराठीत ती इंग्रजीच्याच वाटेनं आली, एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींच्या खटपटीनं.) अमेरिकेतल्या मेन राज्यात ज्या कामांना ओव्हरटाइम नाही, त्यांची कायद्यात यादी होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द, आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. तो असता, तर वितरण हे यादीतलं वेगळं काम ठरलं असतं. एका डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, इथे वितरणासाठीचं पॅकिंग म्हटलंय, आम्ही पॅकिंग करत नाही, नुसतं वितरण करतो, तेव्हा आमचा ओव्हरटाइम द्या. 2017 साली कोर्टानं ही संदिग्धता त्यांच्या बाजूनं धरली. पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

तिथे पैशांवर निभावलं. माझ्या दादाला इथल्याच एका हॉस्पिटलमधून घरी सोडलं, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर ओळ होती, 'नो फीवर कफ प्रेझेंट'. ताप नाही, खोकला आहे, असं लिहायचं होतं. पुढे ज्या डॉक्टरांना ते कार्ड दाखवलं, त्यांनी घाईत 'ताप-खोकला नाही' असं वाचलं. खोकल्याचं औषध राहून गेलं. तीन रात्री दादा उशीला टेकून बसून होता, आडवं झालं की उबळ यायची. चौथ्या दिवशी मी कार्ड घेऊन आधीच्या हॉस्पिटलमध्ये गेले. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं, "ही ओळ मोठ्यानं वाच, बेटा." तिनं वाचली. मग थांबून पुन्हा वाचली. तिचा चेहरा उतरला. तिनं खिशातलं पेन काढलं, 'फीवर'च्या पुढे पूर्णविराम दिला आणि शेजारी तारीख घालून सही केली.