जिभेच्या आकाराचं पान

नोव्हेंबर १९१२. अंटार्क्टिकाच्या बर्फात एक तंबू सापडला. आत रॉबर्ट स्कॉट आणि त्यांच्या दोन साथीदारांचे मृतदेह. दक्षिण ध्रुवावरून परतताना थंडीनं आणि उपासमारीनं त्यांचा जीव घेतला होता. घसरगाडीवर मात्र सुमारे १६ किलो दगड तसेच होते. पाय उचलत नसतानाही त्यांनी ते फेकले नव्हते!

त्यांतला एक दगड नीट पाहा. त्यावर लांबट, जिभेसारख्या पानाचा ठसा. मधोमध ठळक शीर, दोन्ही बाजूंना नाजूक शिरांची जाळी. हे ग्लॉसोप्टेरिस, २५ कोटी वर्षांहून जुनं झाड. हीच पानं भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेच्या खडकांतही आहेत. त्याच्या बिया वाऱ्यावर महासागर ओलांडतील अशा नव्हत्या. म्हणजे तेव्हा मधे महासागर नव्हताच; हे खंड एकमेकांना जोडलेले होते. खंड सरकतात, हा विचार जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी त्याच वर्षी जानेवारीत मांडला होता. तो मान्य व्हायला अर्धं शतक गेलं. वेगेनर १९३० मध्येच ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले.

पुढची गोष्ट मला त्याहून विलक्षण वाटते. ५ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिका जवळजवळ आजच्याच जागी होतं. तरीही तिथं जंगल होतं. दक्षिण अमेरिकेतून निघालेले पोटपिशवीवाले प्राणी पिढ्यान् पिढ्या त्या जंगलातून पसरत ऑस्ट्रेलियात पोचले.

मग ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका अंटार्क्टिकापासून सुटले. चहूबाजूंनी पाणी मोकळं झालं आणि अंटार्क्टिकाभोवती गोल फिरणारा सागरी प्रवाह सुरू झाला. उत्तरेकडच्या उबदार पाण्याची वाट अडली. हवेतला कार्बन डायऑक्साइडही घटत होता. सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी या खंडावर बर्फाचा थर चढू लागला.

जंगल गेलं. समुद्रात मात्र काही मासे तगले, कारण रक्तात बर्फाचे कण वाढू न देणारी प्रथिनं त्यांच्याकडे होती. त्यांच्यातल्या बर्फमाशाचं रक्त तर पाण्यासारखं पारदर्शक. त्यात प्राणवायू वाहून नेणारं लाल हिमोग्लोबिनच नाही. गार पाण्यात प्राणवायू इतका विरघळतो, की त्याचं त्यावाचून भागतं.

आणि ऑस्ट्रेलिया? तो उत्तरेकडे सरकत कोरडा होत गेला, तिथली दाट जंगलं विरळ झाली, गवत पसरलं, आणि त्या गवतावर कांगारू वाढले. आजही तो खंड वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर उत्तरेकडे निघालाय, त्यांना सोबत घेऊन.