‘तोंड उघडा’ म्हणायला आम्ही का कचरतो?

(इंदूर येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समोर निम्मे डॉक्टर आणि निम्मे त्यांचे पेशंट बसलेत, म्हणजे जपून बोलायला हवं. ते मला जमत नाही.

आम्हा फॅमिली डॉक्टरांत कॅन्सरचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं: ‘ते स्पेशालिस्टचं काम, आपण संशय आला की चिठ्ठी द्यायची.’ चिठ्ठी सगळेच देतात. प्रश्न आहे तो काहीच तक्रार नसलेल्या माणसाचा. बीपीची गोळी लिहून घ्यायला आलाय, पन्नाशीचा आहे, गालात सुपारी आहे. त्याला तोंड उघडायला सांगायचं की नाही?

न सांगण्याची कारणं तयार असतात. वेळ नाही. पेशंट घाबरेल. न झालेल्या आजाराची फी कोण देणार? (हे कुणी मोठ्यानं म्हणत नाही.) आणि तंबाखूबद्दल, ‘सांगून कोण सोडतो?’ हे शेवटचं तर तपासून झालंय. लंडनच्या जनरल प्रॅक्टिशनरांनी सिगारेट ओढणाऱ्यांना एक-दोन मिनिटं समजावलं, पत्रक दिलं, पुन्हा चौकशी करू म्हणून बजावलं. १९७९ साली निकाल छापून आला: वर्षानंतर ५.१ टक्के लोक सुटलेले होते. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात ०.३ टक्के. पाच टक्के ऐकून आमचे सहकारी हसतात. ज्याच्या दवाखान्यात रोज रांग लागते, त्यानं तरी हसू नये.

आपल्या मध्य प्रदेशानं २०१२ साली देशात सर्वांत आधी गुटखाबंदी केली. टपरीवाल्यांनी तोडगा काढला: एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, मिसळायचं गिऱ्हाइकानं. ‘मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी’ म्हणणारेही खूप. नुसती सुपारीसुद्धा २००४ सालापासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्यांत आहे.

पेशंट सहज बोलून जातो, ‘डॉक्टर, हल्ली पोह्यांवर जिरावण मसाला सोसत नाही, तोंडाची आग होते.’ इथे ॲसिडिटीची गोळी लिहून मोकळं होऊ नका. टॉर्च घ्या. गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठर दिसते का बघा. त्याचीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांगा. दोनच गेली तर सबम्यूकस फायब्रोसिसचा, म्हणजे गालाचं आतलं अस्तर ताठर होऊन तोंड कमी उघडणाऱ्या, पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या आजाराचा विचार करा. मग जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, हिरड्या. घासून न निघणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम यांपैकी काहीही दिसलं तर चिठ्ठी द्या. केरळात १९९६ साली सुरू झालेल्या अभ्यासात हे काम डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केलं. तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. त्यांना जे जमलं, ते एमबीबीएसला का जमू नये?

बायकांच्या बाबतीत अवघडलेपण आणखी. ‘काकूंना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचं कसं विचारायचं?’ अहो, तपासणी तुम्ही करू नका, विचारा तरी! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांत झालेल्या अभ्यासात, बार्शीचं कॅन्सर रुग्णालय त्यात होतं, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी) या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. ३० च्या पुढच्या पेशंटला ‘तपासणी केलीय का?’ विचारायला दहा सेकंद लागतात, आणि काकू लाजत नाहीत. लाजतो तो डॉक्टर.

उलट्या टोकाचेही आहेत. तब्येत ठणठणीत असलेल्या बाईला ट्यूमर मार्करचं, म्हणजे कॅन्सरची खूण शोधणाऱ्या रक्तचाचण्यांचं पॅकेज लिहून देतात. त्यातली बीजाशयाच्या कॅन्सरसाठीची सीए-१२५ ही चाचणी अशा सरसकट चाळणीसाठी उपयोगाची नाही. आकडा थोडा वर गेला की घरदार सोनोग्राफ्या करत फिरतं. टॉर्चला मात्र कुणी पॅकेज म्हणत नाही.

तेव्हा केसपेपरवर बीपीखाली दोन ओळी वाढवा: तंबाखू-सुपारी, आणि तोंड कधी पाहिलं. बायकांच्या पेपरवर गर्भाशयमुख आणि स्तन. पेशंटमंडळी, पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्या ओळी कोऱ्या सोडल्या तर तुम्ही विचारा.