वेलांटी सुटलेला टी-शर्ट

[दृश्य: भिंतींवर गोधड्या टांगलेली छोटी खोली. टेबलावर माइक. खुर्चीच्या पाठीवर काळा टी-शर्ट.]

पुण्यातल्या या खोलीत आम्ही दोघे दर आठवड्याला आमच्या मराठी पॉडकास्टचा एक भाग ध्वनिमुद्रित करतो आणि प्रत्येक भागाचा शेवट ‘गोष्ट ऐकून निघा’ या वाक्याने करतो. हे वाक्य अंगावर घालायला मिळेल का, अशी विचारणा श्रोत्यांकडून होऊ लागली, तेव्हा आम्ही टी-शर्ट छापून घ्यायचे ठरवले. तीन ठिकाणी दर विचारले आणि ज्याने सर्वांत कमी सांगितला, त्याला 50 नगांचे काम दिले. खुर्चीवरचा हा शर्ट त्या 50 पैकी एक आहे, आणि त्यातला एकही शर्ट आम्ही श्रोत्याला पाठवू शकलो नाही.

[दृश्य: छातीवरची अक्षरे, अगदी जवळून.]

‘गोष्ट’मधला ‘ष्ट’ इथे जोडला गेलेला नाही. पूर्ण ‘ष’, त्याच्या पायाशी लोंबणारे हलन्ताचे चिन्ह आणि शेजारी सुटा ‘ट’ असे तुकडे झाले आहेत. ‘निघा’ची पहिली वेलांटी ‘न’च्या आधी यायला हवी होती, ती ‘न’ आणि ‘घ’ यांच्या मधे येऊन बसली आहे, त्यामुळे वाचणारा ‘नघि’ असे वाचतो आणि उरलेल्या कान्यापाशी अडखळतो.

हे कशामुळे होते, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण मराठी मजकूर छापून घेणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येऊ शकते. ‘नि’ हे अक्षर संगणकात साठवताना आधी ‘न’ आणि मग वेलांटी अशा क्रमाने साठवले जाते, आणि पडद्यावर दाखवताना ती वेलांटी उचलून ‘न’च्या अलीकडे ठेवण्याचे काम सॉफ्टवेअर आणि फॉन्ट मिळून करतात, जोडाक्षरे जुळवण्याचे कामही त्यांचेच. आपण पाठवलेली फाईल छपाईवाल्याच्या संगणकावर उघडली, तिथे तो फॉन्ट नसला किंवा देवनागरीची जुळणी न येणारी सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असली, तर अक्षरे साठवलेल्या क्रमानेच सुटी सुटी उमटतात. ज्याला देवनागरी वाचता येते आणि जो छापण्यापूर्वी एकदा तरी वाचतो, त्याच्या हे तत्काळ लक्षात येते. आमच्या छपाईवाल्याने वाचले नव्हते, आणि आम्हीही छापण्याआधीचा नमुना मागितला नव्हता.

यावरचा उपाय या धंद्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी एका वाक्यात असतो: ‘फाईल कर्व्ह करून पाठवा.’ म्हणजे कोरल ड्रॉ किंवा इलस्ट्रेटर यांसारख्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचे रूपांतर रेषांच्या आकृतीत करायचे, जेणेकरून तो मजकूर न राहता चित्र होतो आणि कोणत्याही संगणकावर तसाच दिसतो. मात्र एकदा कर्व्ह केलेल्या फाईलमध्ये शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी जपून ठेवावी लागते आणि कर्व्ह करण्यापूर्वी ते वाक्य अशा माणसाकडून वाचून घ्यावे लागते, ज्याने ते आधी ऐकलेले नाही. आम्ही ते वाक्य आठवड्यातून एकदा म्हणतो, त्यामुळे आमचे डोळे त्यावरून नुसते सरकतात.

दुसऱ्या वेळी छपाईवाला शोधताना आम्ही दर शेवटी विचारला. आधी त्याने केलेले देवनागरीतले काम हातात घेऊन पाहिले. पुण्याच्या पेठांमध्ये लग्नपत्रिका छापण्यात आयुष्य घालवलेली माणसे आहेत. नवरीच्या नावातला रफार चुकला तर सगळा गठ्ठा परत येतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते. अशा हाताखालून गेलेल्या अक्षरांकडे पाहिल्यावर फरक ओळखू येतो, असे माझे ठाम मत आहे.

[दृश्य: छापखाना. लाकडी चौकटीत ताणलेली जाळी, तिच्यावरून फिरणारी रबरी पट्टी.]

ही स्क्रीन प्रिंटिंगची चौकट आहे. तिच्या जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारा लेप दिला जातो, त्यावर काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म ठेवून प्रकाश टाकला जातो, आणि मग पाण्याने धुतल्यावर जिथे अक्षरांनी प्रकाश अडवला होता, तेवढाच लेप निघून जाऊन जाळीची भोके उघडी होतात. त्या भोकांतून शाई कापडावर उतरते. प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट करावी लागत असल्यामुळे एका रंगाच्या वाक्याला ही पद्धत फार सोयीची पडते, आणि चौकटीचा खर्च एकदाच होत असल्याने नग वाढतील तसा एका शर्टामागचा खर्च उतरत जातो.

नग थोडे असले किंवा चित्रात बरेच रंग असले, तर बहुतेक ठिकाणी डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म) सुचवले जाते. त्यात चित्र आधी फिल्मवर छापतात, त्यावर चिकट पावडर वितळवतात आणि मग गरम दाबाखाली ते कापडावर चिकटवतात. पाच-दहा नगांसाठी ही पद्धत उत्तम आहे, परंतु चित्र मोठे असेल तर छातीवर प्लास्टिकचा पापुद्रा बसल्यासारखे वाटते आणि उन्हाळ्यात त्याखाली घाम साचतो. सब्लिमेशन ही आणखी एक पद्धत. तिची शाई उष्णतेने थेट वायुरूप होऊन धाग्यात शिरते, पण ती पॉलिएस्टरलाच धरते आणि फिकट कापडावरच दिसते. त्यामुळे काळ्या सुती शर्टावर सब्लिमेशन करून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला स्वतःचेच काम माहीत नाही असे समजावे. चहा-कॉफीच्या मगवर मात्र हीच पद्धत चालते, कारण त्या मगांना मुळात पॉलिमरचा थर दिलेला असतो.

शर्टाचे कापड हा तर स्वतंत्र विषय आहे. कोऱ्या टी-शर्टांचा मोठा भाग तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून येतो, आणि तिथून आलेल्या मालातही हलके-भारी असे अनेक प्रकार असतात. 180 जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे वजन 180 ग्रॅम. छपाईवाल्याने जीएसएम सांगितले नाही तर विचारावे, कापड बायोवॉश केलेले, म्हणजे विकरांनी (एन्झाइमनी) धुऊन वरची लव काढलेले आहे का तेही विचारावे, कारण तसे केलेल्या कापडावर धाग्यांचे बारीक गोळे कमी धरतात. आणि कापड आधीच आटवलेले आहे का, याची खात्री तोंडी उत्तरावर न ठेवता बादलीत भिजवून करावी.

[दृश्य: गॅलरीतली दोरी. चार शर्ट ओळीने वाळत आहेत.]

आम्ही चार छापखान्यांकडून प्रत्येकी एक नमुना पैसे देऊन घेतला. फुकट नमुना कोणी देत नाही आणि देऊही नये, असे मला वाटते, कारण एका नगासाठीही चौकट काढण्याचे कष्ट तेवढेच असतात. प्रत्येक शर्टाची लांबी-रुंदी टेपने मोजून लिहून ठेवली आणि ते सगळे घरच्या यंत्रात, रोजच्या कपड्यांबरोबर, दहा वेळा धुतले. चौथ्या धुण्यात एका शर्टाच्या ‘ऐ’च्या मात्रेला बारीक भेग पडली आणि पुढे ती वाढत गेली. स्क्रीन प्रिंटिंगची प्लास्टिसॉल ही शाई सुमारे 160 अंश सेल्सिअसपर्यंत तापून पूर्ण पक्की व्हावी लागते. घाईने शर्ट भट्टीतून लवकर काढला, तर ती वरून कोरडी दिसते आणि आतून कच्चीच राहते. दुसऱ्या शर्टाची छपाई उत्तम होती, पण तो लांबीला दीड इंच आटला. उरलेल्या दोघांतून निवड करताना आम्ही एकच प्रश्न विचारला: माल चुकला तर काय कराल? एकाने ‘चुकणारच नाही’ असे सांगितले. दुसऱ्याने चूक त्याची असेल तर पुन्हा छापून देईन, आणि आम्ही मंजूर केलेल्या नमुन्यातच चूक असेल तर खर्च आमचा, असे बिलाच्या मागे लिहून दिले. काम त्याला मिळाले.

परदेशातल्या श्रोत्यांचा प्रश्न यातून सुटला नव्हता. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत आयातशुल्कातून जी सूट होती, ती 2025च्या ऑगस्टअखेरीस सर्व देशांसाठी बंद झाली, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी श्रोत्याला पुण्याहून एक शर्ट पाठवणे त्याच्याही खिशाला जड जाऊ लागले. अशा श्रोत्यांसाठी प्रिंटफुल किंवा प्रिंटिफाय यांच्यासारख्या, मागणी आल्यावर त्या त्या देशातच एकेक नग छापून देणाऱ्या सेवा सोयीच्या पडतात. तिथे शर्ट महाग पडतो आणि आपल्या हाती फारसे काही उरत नाही, तरीही पहिला शर्ट आपण स्वतः मागवून, त्यातली वेलांटी जागेवर आहे ना, हे पाहणे तिथेही सुटत नाही.

[दृश्य: पुन्हा तीच खोली. माइकपुढे वही उघडी.]

या वेळी आम्ही माल आधी छापून ठेवला नाही. एका भागाच्या शेवटी घोषणा करून 14 दिवस नोंदणी घेतली, प्रत्येकाकडून छातीचे माप इंचांत मागवले, कारण एका छापखान्याचा ‘एल’ दुसऱ्याच्या ‘एम’एवढा निघतो, आणि पैसे जमा झाल्यावर नग सांगितले. काल संध्याकाळी छपाईवाल्याचा फोन आला. चौकट काढण्यापूर्वी कागदावर छापलेले ते वाक्य त्याने पत्नीला मोठ्याने वाचायला लावले होते, आणि ती वाचत असताना त्याने फोन आमच्यासाठी चालू ठेवला होता.