घरात पोपट, शाळेत दगड

श्रोतेहो, नमस्कार. मुलांच्या मनाचे आजार कसे ओळखायचे आणि त्यावर काय करायचं, असा विषय मला दिलाय. वेळ दहा मिनिटं. मी मूळची तापाखोकल्याची डॉक्टर, लहान मुलांची. पण सत्तावीस वर्षं सोलापुरात दवाखाना चालवल्यावर एवढं कळलं, की पोटात दुखतंय म्हणून आणलेल्या दर पोराचं दुखणं पोटातलंच असतं असं नाही. सोमवारी सकाळी दुखतं, रविवारी दुखत नाही. सहामाहीच्या आधी दुखतं, दिवाळीच्या सुट्टीत गायब. आणि हे नाटक नसतं बरं का. पोराला खरंच दुखत असतं.

तर मुलाचं काही वेगळं वाटलं की स्वतःला तीन प्रश्न विचारा. किती दिवस चाललंय? किती ठिकाणी दिसतंय? आणि त्यामुळं काय अडलंय? परत सांगते, कागद-पेन असेल तर लिहून घ्या. किती दिवस, किती ठिकाणी, काय अडलंय.

मावशीच्या लग्नात पोरगं उधळलं, तो आजार नव्हे. पण घरी, शाळेत, शेजारी, सगळीकडं सहा-सहा महिने एका जागी बूड टेकत नाही, गृहपाठ पुरा होत नाही, रस्त्यावर कुठंही धावतं, तर दाखवायला हवं. हसतीखेळती पोरगी दोन आठवडे जेवणाला नको म्हणते, मैत्रिणींकडं जात नाही, रात्री जागी असते, तर दाखवायला हवं. अंथरूण ओलं करायचं सुटलेलं मूल पुन्हा करायला लागलं, तर आधी लघवी तपासा आणि मग घरात, शाळेत काय बदललंय ते बघा. आणि सगळ्यात जास्त निसटतं ते गुणी मूल. कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नाही.

अशाच एका मुलीची गोष्ट सांगते. नाव बदललंय, तिला आपण पद्मा म्हणू.

पूर्व भागातलं घर. वडील टॉवेलच्या मागावर, आई आणि आजी विड्या वळतात. पद्मा चार वर्षांची असताना आई तिला माझ्याकडं घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, घरात पोपट हाय ओ ही. शाळेत दगड. बालवाडीच्या बाईंना वाटतंय मुकीच हाय म्हणून."

मी कान तपासून घेतले. उत्तम. जीभ, टाळू, सगळं ठीक. माझ्यासमोरही पद्मा एक अक्षर बोलली नाही, आईच्या पदराचं टोक तोंडात धरून बसून राहिली. आणि इथं माझी चूक झाली, ती सांगायलाच मी आज आलेय. मी म्हटलं, "घरी तेलुगू, शाळेत मराठी. गोंधळलीय. बोलेल हळूहळू." आई बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून गेली. त्यात दोन वर्षं गेली.

पहिलीत पद्मा परत आली. वर्गात लघवीला जायचं सांगता येत नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नव्हती. एका शाळेनं मूकबधिर शाळेत घाला म्हणून सुचवलं होतं. एका नातेवाइकानं तिखटाची धुरी द्यायला सांगितलं होतं. आईनं मोबाईल काढला, पद्माला आजीबरोबर बाहेर पाठवलं आणि एक रेकॉर्डिंग लावलं.

घरातला आवाज. मागं सुपात पानं चाळवल्याची खसखस, आजीचं तेलुगू. आणि वर एक खणखणीत बारका आवाज, मराठीत, अगदी बाईंच्या ठेक्यात: "हाताची घडी, तोंडावर बोट! ए बंड्या, खिडकीतनं काय बघतोस? पाढे म्हण!" धाकट्या भावाला समोर बसवून पद्माची शाळा चालली होती. सगळी मराठी येत होती तिला. बाईंची लकबसुद्धा उचललेली. माझं "गोंधळलीय" तिथंच निकालात निघालं.

याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. घरी नीट बोलणारं मूल शाळेत किंवा परक्यांसमोर बोलूच शकत नाही, आणि शाळेचा पहिला महिना सोडूनही हे चालूच राहतं. तो हट्ट नसतो. भीती असते. पुन्हा सांगते, हट्ट नसतो, भीती असते. घसा आवळल्यासारखा होतो. "बोल की, बोल की" म्हटलं की आणखी आवळतो. (जाता जाता, पाहुणे आले की "काकांना कविता म्हणून दाखव" ही जी आपल्याकडं पद्धत आहे, ती बंद झाली तर मी पेढे वाटीन. काकांनाही ती कविता ऐकायची नसते.)

या वेळी मी शहाणपण केलं, तिला मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. त्यांनी आई, पद्मा आणि वर्गाच्या बाई, तिघींना बसवून घेतलं. उपाय ऐका, तुम्हाला वाटेल यात काय आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आईनं रोज शाळा भरायच्या आधी वीस मिनिटं पद्माला घेऊन रिकाम्या वर्गात यायचं. चिंचोके खेळायचे. बोलायचं फक्त आईशी. सकाळची वेळ म्हणजे कारखान्यात विड्या द्यायची वेळ. ते काम आजीनं अंगावर घेतलं, गुडघे दुखत असताना.

पहिला आठवडा दार बंद. वर्गात दोघीच. मग दार उघडं, बाई व्हरांड्यात वह्या तपासत बसलेल्या, आत बघायचं नाही. मग बाई दारात. मग शेवटच्या बाकावर. पद्माचा आवाज बारीक झाला की बाई दोन पावलं मागं. गड्ड्याची जत्रा आली तेव्हा बाई शेजारी बसून चिंचोके टाकत होत्या आणि पद्मा आईच्या कानात आकडे सांगत होती, पण बाईंना ऐकू येतील असे. मग आई हळूहळू दाराकडं सरकली. मग एक मैत्रीण खेळात आली.

बाईंना सूचना एकच होती. बोलली तर टाळ्या नाहीत, शाबासकी नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. रोज बोलते असंच समजायचं.

फेब्रुवारीत मधल्या सुट्टीत एका पोरानं पद्माच्या डब्यातली शेंगाचटणी लावलेली पोळी उचलली. आणि भरल्या वर्गात, मोठ्यानं, आवाज आला: "का बे?"

बाई मला सांगत होत्या, "मॅडम, पहिला शब्द काय, तर बे! दुसरं कुणी असतं तर मी रागावले असते. मी फळ्याकडं तोंड केलं आणि उगाच तारीख पुसून परत लिहिली." (पुण्याच्या लोकांना आपलं 'बे' शिवी वाटतं. वाटू दे. आपल्याकडं बापही लेकाला म्हणतो आणि मित्र मित्राला म्हणतो. मला तरी त्या दिवशी त्याच्याइतका गोड शब्द दुसरा नव्हता.)

बघा, गोष्टीतच वेळ संपत आला. समोरून खूण होतेय. राहिलेलं पटकन सांगते.

आपल्याकडं 2015-16 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात 13 ते 17 वयाच्या शंभरातल्या सातांहून अधिक मुलांना उपचार लागावेत असा त्रास दिसला. म्हणजे साठांच्या वर्गात साधारण चार मुलं. तुमच्या मुलाच्या वर्गात चार.

उपचार म्हणजे गोळ्याच असं नाही. लहान मुलांत बहुतेक वेळा आधी बोलणं, खेळ, आईबापांना शिकवणं आणि शाळेला सोबत घेणं. काहींना गोळी लागते. ती वेळेवर द्या, मनानं सुरू करू नका आणि बरं वाटतंय म्हणून मनानं बंदही करू नका. देवाला जायचं तर जरूर जा, सिद्धरामेश्वर आहेच. अंगारा लावा. पण धुरी नको, मार नको, उपास नको. आणि तिथूनच पुढं सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा.

एक गोष्ट मात्र थांबायची नाही. मूल मरायची भाषा बोललं, "मी नसलेलं बरं" म्हणालं, किंवा अंगावर कापून घेतलेलं दिसलं, तर तेव्हा तीन प्रश्न नकोत, किती दिवस नको. सरळ विचारा, "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का रे?" विचारल्यानं विचार डोक्यात येत नाही, उलट मूल मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या, फवारणीचं औषध कुलपात ठेवा. आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

रात्री-बेरात्री कुणाला विचारायचं, तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, चोवीस तास, फुकट. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड भाषांचीही सोय त्या सेवेत आहे, म्हणजे आपल्या सोलापूरच्या आज्यांचीही अडचण नाही. नंबर घ्या: 14416. एक, चार, चार, एक, सहा. पेन सापडलं नसेल त्यांच्यासाठी अजून एकदा: एक, चार, चार, एक, सहा. नमस्कार.