उताऱ्यावरचं नाव

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे जमिनीचा विषय निघाला की किती एकर, बागायत का जिरायत, हे सगळं नंतर येतं. आधी विचारतात, "नाव कुणाचं लागलंय?" नाव लागलं, नाव चढलं, नाव कमी झालं. पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं या तीन क्रियापदांत मावतात. आज मला सातबाराच्या उताऱ्यावरच्या या नावाबद्दलच बोलायचं आहे.

1978 साली माझे आजोबा गेले. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, रान माळाचं, पाऊस बेभरवशाचा. दिवसकार्य उरकल्यावर थोड्या दिवसांनी आत्याला निरोप धाडला. ती सासरहून एसटीनं आली आणि आम्ही सगळे तालुक्याच्या गावी गेलो. कचेरीच्या आवारात चिंचेखाली लिहिणारा बसला होता. त्यानं आत्याच्या वाट्याचं हक्कसोडपत्र वाचून दाखवलं : "मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता..." आत्या मान खाली घालून ऐकत होती. तिनं अंगठा दिला. अंगठ्याला शाई तशीच राहिली, तेव्हा तिनं पदराकडे हात नेला आणि थांबली. पातळ नवं होतं, माझ्या वडिलांनी त्याच सकाळी घेतलेलं. तिनं ती शाई चिंचेच्या खोडाला पुसली. मी 12 वर्षांचा होतो. हे काय चाललंय ते मला कळलं नव्हतं, पण ती निळी खूण अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आता मागे जाऊ. जुन्या गावगाड्यात गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. पांढरीत माणसं राहायची, काळीत पिकायचं. काळीत कसणारे पुन्हा दोन प्रकारचे, मिरासदार आणि उपरी. मिरासदार दुष्काळात देशोधडीला लागला आणि वर्षांनी परत आला, तरी आपली मिरास मागू शकायचा, कारण गाव त्याला ओळखत होतं. उपरी शेजारचंच रान तितक्याच कष्टानं कसायचा, पण त्याची मुळं धरली जात नव्हती. म्हणजे हक्क मातीत नव्हता, तो गावाच्या आठवणीत होता. त्या काळाचं मला कौतुक करायचं नाही, कारण ही आठवण जात बघून चालायची. महार वतनाची जमीन होती, पण तिच्यापायी रात्रंदिवस राबणूक मानेवर होती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्यावर विधेयक मांडलं, आणि ही वतनं कायद्यानं गेली 1958 साली. तीस वर्षं लागली.

मग इंग्रज आले. इथं अर्थशास्त्राचा संबंध येतो आणि तो फार जवळचा आहे. 1817 साली लंडनमध्ये डेव्हिड रिकार्डोनं खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, सिद्धान्त मांडला. त्याचं म्हणणं असं की खंड वाढतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग होतं म्हणून खंड वाढतो. आणि चांगल्या जमिनीचा खंड म्हणजे हलक्या जमिनीपेक्षा तिच्यात जे जास्त उरतं ते. दहाबारा वर्षांत प्रिंगल नावाचा अधिकारी हाच विचार घेऊन पुणे जिल्ह्यात मोजणी करत होता. पिकातून खर्च वजा घालायचा आणि उरलेल्यातले 55 टक्के सरकारचे. हिशेब कागदावर बरोबर होता. रानात तो बसेना. माणसं जमिनी टाकून गेली. मग 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नव्यानं सुरुवात केली, आकार, म्हणजे शेतसारा, कमी केला आणि तो 30 वर्षांसाठी कायम ठेवला. ही आपली रयतवारी.

रयतवारीनं प्रत्येक तुकड्याला नंबर दिला आणि प्रत्येक नंबरापुढे एक नाव लिहिलं. नाव लागलं, हे चांगलंच झालं असं वाटेल. पण ज्याचं नाव लागतं त्याची जमीन गहाण पडू शकते, तिच्यावर जप्ती येऊ शकते. पूर्वी सावकाराचा डोळा पिकावर असायचा, आता तो रानावर गेला. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी काय जाळलं? सावकारांचे दस्तऐवज. आपलं नाव ज्या कागदानं जाणार, तो कागद. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला, तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांना. साताऱ्यात तेव्हा आपला वाळवा, तासगाव, खानापूर हा मुलूखही होता. चारच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांचा राग पुस्तकी नव्हता, तो या पट्ट्यातल्या कोरड्या मातीतून वर आलेला होता असं मी मानतो.

साहित्याबद्दल मी एकाच माणसाचं नाव घेईन. अण्णा भाऊ साठे, वाटेगावचे, आपल्या वाळवा तालुक्यातले. 'फकिरा' 1959 सालची. तिच्या सुरुवातीला राणोजी दुसऱ्या गावची, भरभराट देणारी मानलेली जोगणी आपल्या गावाला आणतो आणि त्यापायी जीव गमावतो. गावची भरभराट व्हावी, शिवार पिकावं, म्हणून जीव देणारा माणूस ज्या समाजातला, त्याच्या नावावर त्या शिवारात किती वावर होतं? मराठीत मातीवर गोड कविता पुष्कळ आहेत. मला ही कादंबरी त्यांच्या पुढची वाटते, कारण ज्याचं नाव नाही त्याची माती तिनं दाखवली.

धंद्याच्या नजरेनं जमीन वेगळीच दिसते. इथून जवळच हरिपूर आहे, तिथली हळदीची पेवं तुम्हाला ठाऊक आहेत. वर तोंड माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं, आणि त्यात हळद कीड न लागता वर्षानुवर्षं राहायची. 2005 च्या महापुरानं पुष्कळ पेवं गेली. त्या जमिनीची किंमत पिकात नव्हती, काय सांभाळून ठेवता येतं यात होती. किर्लोस्करवाडी घ्या. 1910 साली औंध संस्थानातला निवडुंगाचा माळ. शेतकऱ्याला नकोसा, पण तिथं लोखंडी नांगर घडू लागले.

म्हणजे जमिनीचं मोल बहुतेक वेळा बाहेरून येतं. रस्ता येतो, कारखाना येतो, पाणी येतं. टेंभूला कऱ्हाडजवळ कृष्णेचं पाणी उचललं आणि टप्प्याटप्प्यानं आमच्या माळापर्यंत आणलं. त्यासाठी आटपाडीला पाणी परिषदा भरल्या, नागनाथअण्णा नायकवडींसारख्या स्वातंत्र्यसैनिकानं उतारवयात रान उठवलं. मोर्चात भूमिहीन होते, बाया होत्या. पाणी आलं तेव्हा वाढलेली किंमत मात्र ज्याचं उताऱ्यावर नाव त्याच्या पदरात पडली. याला एक अपवाद आपल्याच जिल्ह्यात घडला. येरळेवर तांदूळवाडी-बलवडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून पैसा उभा केला आणि बळीराजा धरण बांधलं. त्यातल्या पाण्यात भूमिहीनालाही वाटा ठरवला. जमीन नसलेल्याचा पाण्यावर हक्क! जमिनीवर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मला त्या एका ठरावात जास्त अर्थशास्त्र दिसतं.

बाबासाहेबांचंच पुन्हा सांगतो. 1900 साली साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाचं नाव घातलं गेलं, त्यानं 1918 साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. सगळे म्हणत होते, तुकडे जोडा. ते म्हणाले, तुकडा लहान आहे हे खरं दुखणं नाही. भांडवल नाही आणि शेतीवर माणसांचा भार जादा आहे, तो उद्योगांकडे वळवा. तुकडेबंदीचा कायदा 1947 साली झाला. तरी आज आमच्या गावात एका गटात चुलत्या-पुतण्यांची किती नावं आहेत ते मोजायला उताऱ्याचं पान उलटावं लागतं. त्यांत बायकांची नावं आली की ती बहुधा विधवेची असतात. नाव लागायला नवरा मरावा लागतो. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना हयातीतच बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, त्या मोहिमेचं मोल या उताऱ्यांकडे बघितलं की समजतं.

आत्या आता 85 वर्षांची आहे. तिनं अंगठा दिलेल्या त्या रानात टेंभूचं पाणी आलं, द्राक्षबाग उभी आहे. मागच्या दिवाळीत आम्ही भावंडं बसलो. हक्कसोड झालेली असते ती झालेलीच असते, म्हणून आम्ही बक्षीसपत्र केलं, तिच्या वाट्याचं रान तिच्या नावावर. ती म्हणाली, "आता मला कशाला? बांधापर्यंत चालवत न्हाई." तरी दस्ताच्या दिवशी आली. अंगठा आता यंत्रावर ठेवतात, शाई लागत नाही. तिनं सवयीनं तो पुसायला काहीतरी शोधलं.

नावाचा फेरफार धरला आहे. हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस असते. आज अकरावा दिवस आहे.