काळ्या रानातली ओल कुठल्या पावसाची?

(दृश्य: मे महिना, निपाणीजवळचं काळं रान. कॅमेरा जमिनीलगत, भेगांवर.)

भेगेत काठी सोडली की सहज हातभर आत जाते. ही चिकणमाती सुकली की आक्रसते, भिजली की फुगते. वळीव कोसळला की पाणी आधी या भेगांतून थेट खाली उतरतं. शेजारचं ढेकूळ फोडून बघा, आत कोरडंच. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचा पाऊस हळूहळू मुरायला लागतो.

एकाच रानात पाण्याच्या दोन वाटा. पाऊस जाऊन महिने उलटले तरी तंबाखू ज्या ओलीवर उभी असते, ती यातल्या कुठल्या वाटेनं आली?

डोळ्यांना सगळी ओल सारखी, वजनाला नाही. पाण्याच्या साधारण ५०० रेणूंमागे एकात नेहमीच्या ऑक्सिजनऐवजी जड ऑक्सिजन-१८ असतो. त्याहूनही कमी रेणूंत ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. हे कुणी मिसळलेलं नाही, किरणोत्सारीही नाही. ऊन लागलं की हलके रेणू जास्त लवकर उडतात, जड मागे रेंगाळतात.

१९६१ साली अमेरिकी भू-रसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेग यांनी जगभरच्या पावसाचं आणि नद्यांचं पाणी तपासलं. पावसात जड ऑक्सिजन आणि ड्यूटेरियम या दोन्हींचं प्रमाण जवळपास एका सरळ रेषेत बसतं, असं त्यांना दिसलं. मातीत थांबून आटलेलं पाणी त्या रेषेवरून घसरतं. शोधायची ती ही घसरण.

(दृश्य: गिरमिट फिरतंय. हातावर ओली माती.)

वीत-वीत खोलीची माती वेगळी काढायची आणि लगेच हवाबंद बाटलीत भरायची. झाकण सैल राहिलं तर पाणी बाटलीतच आटतं आणि आकडा खोटा येतो. झाडाचं पान तोडून उपयोग नाही. पानातून सारखी वाफ जाते, तिथलं पाणी आधीच जड झालेलं असतं. तुकडा घ्यायचा तो जमिनीलगतच्या बुंध्याचा, कारण मुळं सहसा हलकं-जड असं निवडत बसत नाहीत. प्रयोगशाळेत निर्वात नळीत नमुना तापवतात, निघालेली वाफ गोठवून पाणी वेगळं करतात आणि लेसरच्या यंत्रावर मोजतात.

खोलवरच्या पाण्यावर उन्हाची खूण, म्हणजे ती घसरण, नसेल, तर ते भेगांतून घाईनं उतरलेलं असण्याची शक्यता जास्त. खूण असेल, तर वरच्या थरात मुक्काम करून आलेलं. दक्षिण भारतात परतीच्या पावसात जड रेणू साधारणपणे कमी असतात, त्यामुळे पाऊस कुठला हेही ओळखता येतं. पण त्यासाठी त्याच गावचा पाऊस वर्षभर साठवून तपासलेला हवा. हे काम कंटाळवाणं, म्हणून नेमकं तेच राहून जातं.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या तांबड्या, जांभ्याच्या मातीत अशा भेगा पडत नाहीत, पाऊसही कितीतरी जास्त. तिथला हिशेब वेगळा मांडावा लागतो.

(दृश्य: कोळपं चाललंय, मागे भुसभुशीत माती.)

दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी, असं जुनी माणसं म्हणतात. कोळप्यानं भेगा बुजतात, वरची माती सुटी होते, ओल उडायची थांबते. हे किती खरं, तेही तपासता येईल. एकाच रानात एक पट्टा कोळपायचा, शेजारचा तसाच ठेवायचा आणि महिन्याभरानं दोन्हीकडे गिरमिट घालायचं.