फिरतीवरची दिवाळी

श्रोतेहो, नमस्कार.

धरणाच्या किंवा रस्त्याच्या साइटवर राहणारी, दर दोन वर्षांनी बदली होणारी, गाडीतच संसार थाटून हिंडणारी कुटुंबं आता थोडी नाहीत. दिवाळी त्यांना कुठल्याशा लॉजवर किंवा गाडी लावलेल्या मोकळ्या जागेत गाठते. मग गावाहून फराळाचे डबे भरून नेले जातात आणि तिसऱ्या दिवशी चकल्यांचा चुरा निघतो. मिसळीवर तो झकास लागतो, ही गोष्ट वेगळी! माझं म्हणणं असं की, तयार फराळ थोडा न्यावा, त्याची तयारी जास्त न्यावी आणि निदान एक पदार्थ मुक्कामी सगळ्यांनी मिळून करावा. मुलांच्या लक्षात राहतो तो सोऱ्या फिरवण्याचा हट्ट आणि तळणीचा वास.

त्यासाठी चकलीची भाजणी सगळ्यांत सोयीची. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, मुगाची एक, धने पाव वाटी आणि दोन चमचे जिरे. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत खडखडीत वाळवा, प्रत्येक जिन्नस वेगळा मंद आचेवर भाजा, गार झाल्यावरच दळून आणा. ओल राहिली तर पिठाला वास येतो. नीट वाळलेली भाजणी घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर सहज राहते.

मुक्कामी दोन वाट्या भाजणीसाठी साधारण सव्वा वाटी पाणी उकळा. त्यात तिखट, मीठ, तीळ, ओवा आणि दोन चमचे तेल घाला. गॅस बंद करून भाजणी मिसळा, वीस मिनिटं झाकून ठेवा, मग कोमट पाण्याचा हात लावत मळा. सोऱ्यातून पडताना चकली तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पुन्हा मळा. तेलात विरघळायला लागली तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं तेल, जास्त झालं, थोडी कोरडी भाजणी मिसळा. दगडासारखी झाली तर मोहन कमी पडलं. आणि मऊ पडली तर बहुधा तेल पुरतं तापलं नव्हतं. उघड्यावर हे हमखास होतं, कारण वाऱ्यानं आच कमी होते. शेगडीला पत्र्याचा आडोसा करा, पण त्या आडोशात सिलिंडर कोंडू नका, तो तापतो. गाडीच्या किंवा तंबूच्या आत तळण करूच नये. छोटी कढई, अर्धा लिटर तेल आणि एका वेळी तीन-चार चकल्या, एवढाच घाट घाला. तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवायचं. पाणी अजिबात ओतायचं नाही.

अनारशाचं पीठ तयार नेता येतं, पण गूळ जरा जास्त झाला की अनारसे कढईत हसतात, म्हणजे विरघळून पसरतात. प्रवासात हा जुगार नकोच. घरून न्यायला बेसनाचे लाडू, शंकरपाळे आणि सुक्या खोबऱ्याच्या सारणाच्या करंज्या बऱ्या. ओल्या नारळाच्या करंज्या दोन दिवसांतच आंबतात. चिवडा गरम असताना भरला की वाफ धरून सादळतो.

विमानानं जाणार असाल तर सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात घालू नका. तेलकट खोबरं स्वतःहून पेट घेऊ शकतं, म्हणून ते नाकारतात. रेल्वेत फटाके नेणं हा गुन्हा आहे, अगदी फुलबाज्यांचं एक पाकीटसुद्धा.

नरकचतुर्दशीसाठी उटणं कोरडंच न्या, माणशी दोन चमचे. लॉजच्या न्हाणीघरात अभ्यंगाचं तेल फरशीवर सांडलं की घसरगुंडी होते, म्हणून तेल खोलीत जुन्या चादरीवर बसून लावावं. पणत्या वाळू पसरलेल्या ताटात, दाराबाहेर. तुपाच्या तयार वाती ऑक्टोबरच्या उन्हात गाडीत वितळतात, त्यापेक्षा साध्या वाती आणि तेलाची बाटली बरी. घडीचा कंदील आणि त्यात पाच वॅटचा यूएसबी दिवा लावला तर दहा हजार एमएएचची पॉवरबँक पाच-सहा तास पुरते.

परदेशात असाल तर लक्ष्मीपूजनाचा दिवस भारतातल्या कॅलेंडरवरून ठरवू नका. अमावस्या जगभर एकाच क्षणी लागते आणि संपते, पण पूजा असते तिथल्या सूर्यास्तानंतर. २०२४ साली महाराष्ट्रात पूजन १ नोव्हेंबरला झालं. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्या दिवशी सकाळीच अमावस्या संपली होती, म्हणून तिथं ते ३१ ऑक्टोबरला आलं. त्या त्या शहराचं पंचांग पाहावं. केरसुणी छोटी चालते. लाह्या-बत्तासे मिळाले नाहीत तर साखर ठेवा.

भाऊबीजेला भाऊ हजार मैलांवर असेल तर फोनवरच्या ओवाळणीला माझी हरकत नाही. पण आपल्याकडे चंद्राला ओवाळायची जुनी रीत आहे, ती फिरतीवर फार उपयोगी. मात्र बीजेची कोर सूर्यापाठोपाठ मावळते. पश्चिमेला डोंगर किंवा इमारती असतील तर ती दिसतच नाही, तेव्हा त्या संध्याकाळचा मुक्काम पश्चिम मोकळी असेल अशा जागी ठरवा आणि तबक सूर्यास्ताआधीच तयार ठेवा.

नमस्कार.